कन्फेशन: तयारी, नेमके शब्द आणि नंतरची भरपाई

शनिवारी संध्याकाळी मिस्सेआधी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधी, कन्फेशनच्या रांगेत उभे राहायचे, पुढचा माणूस आत गेला की आठवायला सुरुवात करायची आणि गुडघे टेकल्यावर गेल्या वेळचीच यादी म्हणायची: रागावलो, खोटे बोललो, प्रार्थना चुकवली. वसई असो, बांद्रा असो की म्हापसा, बरीच कन्फेशने अशीच उरकली जातात. देवाची क्षमा त्यातूनही मिळू शकते. पण स्वतःबद्दल नेमके काहीच बोलले गेले नसल्याने बाहेर पडल्यावर काय दुरुस्त करायचे, कोणाकडे जायचे, हे ठरतच नाही. प्रामाणिकपणे जगण्याची सुरुवात याच जागी अडते.

इथे कॅथोलिक ख्रिस्तसभेतील वैयक्तिक कन्फेशनचा, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापे कबूल करण्याच्या प्रायश्चित्त संस्काराचा, क्रमाने विचार केला आहे. गोव्यात याला कुमसार म्हणतात. दर महिन्याला जाणाऱ्यांना आणि वीस वर्षांत पायरी न चढलेल्यांनाही हा क्रम वापरता येईल.

काय सांगावेच लागते

बाप्तिस्म्यानंतर केलेली आणि आजवर कन्फेशनमध्ये न सांगितलेली सर्व गंभीर पापे, त्यांचा प्रकार आणि संख्या यांसह सांगावी लागतात. लहानसहान पापे सांगणे बंधनकारक नाही, पण ख्रिस्तसभा त्याची मनापासून शिफारस करते. गंभीर पापे वर्षातून किमान एकदा कन्फेशनमध्ये सांगण्याचा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून आहे. गंभीर पापाची जाणीव असताना कन्फेशन न करता ख्रिस्तशरीर (कम्युनियन, मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) स्वीकारायचे नसते.

पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विषय गंभीर असणे, ते चूक आहे हे पुरते ठाऊक असणे आणि मोकळ्या इच्छेने ते करणे. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर तीच कृती गंभीर पाप ठरत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाची रविवारची मिस्सा चुकली, तर ते पापच नाही. क्रिकेटची मॅच पाहण्यासाठी जाणूनबुजून चुकवली, तर ती सांगायला हवी.

संख्येच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. आकडा आठवत नसेल तर अंदाज सांगावा: "साधारण महिन्यातून दोनदा, तीनेक वर्षं." तेवढे पुरते. पापाचा प्रकार बदलणारा तपशील मात्र सोडू नये. परस्त्रीशी किंवा परपुरुषाशी संबंध आला असेल, तर दोघांपैकी कोणी विवाहित होते का, हे सांगावे लागते. पैसे चोरले असतील, तर ते कंपनीचे की घरकाम करणाऱ्या बाईचे कापलेले, याने फरक पडतो. नावे मात्र कोणाचीच सांगायची नाहीत.

आदल्या रात्रीचा अर्धा तास

आत्मपरीक्षण रांगेत होत नाही. आदल्या रात्री अर्धा ते पाऊण तास, एक कागद आणि पेन घेऊन बसा. आधी थोडा वेळ शांत राहून पवित्र आत्म्याकडे उजेड मागा. मग दहा आज्ञा क्रमाने घ्या आणि प्रत्येक आज्ञेखाली गेल्या कन्फेशननंतरच्या काळात काय घडले ते एकेका शब्दात टिपा. पूर्ण वाक्ये लिहू नका, स्वतःला कळेल इतकेच लिहा. मोबाइलच्या नोट्समध्ये तर मुळीच नको. त्या दुसऱ्या फोनवर आणि संगणकावर आपोआप जाऊन बसतात आणि घरातल्या कोणाच्याही डोळ्यांखाली येतात. कन्फेशन झाले की कागद फाडून टाका.

पहिल्या तीन आज्ञा देवाशी असलेल्या नात्याच्या आहेत. तिथे फक्त "प्रार्थना केली नाही" असे लिहून पुढे जाऊ नका. खोटी शपथ घेतली का, संकटात ज्योतिषाकडे किंवा गंडेदोरे देणाऱ्याकडे धावलो का, देवाचे नाव घेऊन कोणाला फसवले का, हेही विचारा.

चौथ्या आज्ञेपाशी थांबावे. आईबापांचा मान म्हणजे लहानपणीचे ऐकणे एवढेच नाही. म्हाताऱ्या आईच्या औषधांचा खर्च भावाभावांनी कसा वाटला? वडिलांशी शेवटचे नीट कधी बोललो? पाचवीत खून नाही म्हणून ओळ मोकळी सोडू नका. मारहाण, शिव्याशाप, गर्भपात करणे किंवा त्याला मदत करणे, दारू पिऊन गाडी चालवणे, वर्षानुवर्षे धरून ठेवलेला द्वेष, हे सगळे इथे येते. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये कायमस्वरूपी सर्व धर्मगुरूंना दिला. त्यामुळे बिशपांकडे जावे लागेल या भीतीने कोणी दूर राहायचे कारण नाही. सहावी आणि नववी आज्ञा शरीर आणि नजर यांच्या आहेत, त्यात फोनच्या पडद्यावर पाहिलेलेही येते.

सातवी (चोरी), आठवी (खोटी साक्ष) आणि दहावी (दुसऱ्याच्या मालमत्तेचा लोभ) यांच्यावर आपल्याकडे सर्वात कमी वेळ दिला जातो आणि रोजचा अप्रामाणिकपणा तर तिथेच मुरलेला असतो. मापात मारणे. खोटी वैद्यकीय बिले लावून पैसे उचलणे. कामावर हजेरी लावून निघून जाणे. लाच घेणे, आणि हक्काचे नसलेले मिळवण्यासाठी ती देणे. भाड्याचे उत्पन्न लपवणे. परीक्षेत कॉपी. मजुराची दोन दिवसांची मजुरी "नंतर देतो" म्हणून बुडवणे. जमिनीच्या मोजणीत बांध हातभर सरकवणे. बहिणीला नीट न सांगता हक्कसोडपत्रावर तिची सही घेणे. खरे-खोटे न पाहता एखाद्याची बदनामी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणे. यातले शेवटचे दोन तर इतके सवयीचे झाले आहेत की पाप म्हणून ते डोक्यातही येत नाहीत.

कागद भरला की पश्चात्तापाकडे वळा. रडू यायला हवे, छाती भरून यायला हवी, असे काही नाही. पश्चात्ताप हा इच्छेचा असतो: झाले ते वाईट झाले, पुन्हा करायचे नाही. देवावरील प्रेमापोटी आलेला पश्चात्ताप उत्तमच. पण पापाची किळस किंवा शिक्षेची भीती वाटून आलेला पश्चात्तापही या संस्कारासाठी पुरतो. स्तोत्रसंहितेतले 51 वे स्तोत्र सावकाश वाचले तर मदत होते.

शब्द कसे निवडावेत

कृतीला तिचे खरे नाव द्या, सोबत किती वेळा ते सांगा, आणि सबब गाळा. उदाहरणे पाहा.

"ऑफिसात थोडं इकडंतिकडं झालं" याऐवजी: "मी प्रवासाची खोटी बिलं लावली, वर्षभरात सहासात वेळा, साधारण अठरा हजार रुपये."

"बहिणीशी जमिनीवरून पटत नाही" याऐवजी: "वडिलांच्या जमिनीतला बहिणीचा वाटा मी तिला फसवून स्वतःच्या नावावर केला."

"जिभेवर ताबा नाही" याऐवजी: "एका बाईच्या चारित्र्याबद्दल खात्री नसताना तिघीचौघींना सांगितलं, आणि त्यातून तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं."

"अशुद्ध विचार आले" याऐवजी: "मोबाइलवर अश्लील व्हिडिओ पाहिले, आठवड्यातून दोनदा." नुसता विचार येणे हे पाप नाही. तो मुद्दाम धरून ठेवणे, त्याला खतपाणी घालणे हे पाप. शारीरिक पापांचे रसभरीत वर्णन नको, प्रकार आणि संख्या पुरे.

सासूचे, नवऱ्याचे, शेजाऱ्याचे पाप सांगू नका. "त्यानं असं केलं म्हणून मी" हे वाक्य सुरू झाले की कन्फेशन तक्रारीकडे वळते. आणि तुमच्यावर कोणी अत्याचार केला असेल, तर ते तुमचे पाप नाही. त्याबद्दल आधार आणि प्रत्यक्ष मदत हवी असेल, तर ती गोष्ट फादरांना कन्फेशनच्या बाहेर, वेगळी भेट घेऊन सांगा. कन्फेशनमध्ये ऐकलेल्यावर त्यांना बाहेर पाऊल उचलता येत नाही.

सर्वात लाज वाटणारे पाप सर्वात आधी सांगावे. शेवटी ठेवले की धीर सुटतो, वेळ संपतो आणि ते तसेच परत घरी येते.

कुठे, केव्हा, कोणाकडे

बहुतेक धर्मग्रामांत (पॅरिशांत) शनिवारी संध्याकाळी किंवा रोजच्या मिस्सेआधी धर्मगुरू कन्फेशनला बसतात, पण वेळ फलकावर पाहून घ्या. आगमनकाळात (नाताळाआधी) आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधी) बाहेरचे अनेक धर्मगुरू एकाच दिवशी बोलावले जातात. ओळखीच्या फादरांसमोर जीभ रेटत नसेल त्यांच्यासाठी तो दिवस सोयीचा. मात्र रांग लांब असते, त्यामुळे अनेक वर्षांचे कन्फेशन त्या दिवशी करू नका. त्यासाठी फादरांना फोन करून "बऱ्याच वर्षांनी येतोय, अर्धा तास लागेल" असे सांगून वेळ घ्या. आपल्याच धर्मग्रामात जायला हवे असा नियम नाही.

भाषा तुम्हाला मन उघडता येईल ती निवडा. दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या अनेकांना इंग्रजीत पाप सांगता येते, पण ते आपले वाटत नाही. त्यांनी सुट्टीवर गावी आल्यावर मराठीत किंवा कोंकणीत कन्फेशन जरूर करावे. फोनवर, व्हिडिओ कॉलवर किंवा चॅटवर पापमुक्ती देता येत नाही. धर्मगुरू आणि पापनिवेदक प्रत्यक्ष समोरासमोर हवेत, मध्ये जाळी असली तरी.

आत गेल्यावर

जाळीमागे गुडघे टेका किंवा समोर बसा. क्रुसाची खूण करा. मग: "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. माझं शेवटचं कन्फेशन अमुक महिन्यांपूर्वी झालं." पुढे एका वाक्यात तुमची स्थिती: विवाहित आहे, शिक्षक आहे, दुकान चालवतो. त्यावरून सल्ला नेमका देता येतो.

आता पापे सांगा. कागद पाहिला तरी चालतो. शेवटी म्हणा: "ही आणि आठवत नसलेली सर्व पापं, यांबद्दल मला मनापासून पश्चात्ताप होतो." फादर एखादा प्रश्न विचारतील, थोडे बोलतील आणि प्रायश्चित्त देतील. दिलेले प्रायश्चित्त तुम्हाला पार पाडता येणार नसेल, तर तिथेच सांगा, ते बदलून मिळते. मग पश्चात्तापाची प्रार्थना. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत: "हे प्रभो, तू माझ्यावर प्रेम केलंस आणि मी तुला दुखावलं. मला क्षमा कर. तुझ्या कृपेनं मी हे पाप आणि त्याकडे नेणारे प्रसंग टाळीन." फादर हात पुढे करून पापमुक्तीची प्रार्थना म्हणतात, ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने संपते. तुम्ही "आमेन" म्हणा. त्या क्षणी तुम्हाला क्षमा मिळालेली असते, मग हलके वाटो न वाटो.

बरीच वर्षे गेलेली असतील आणि क्रम आठवत नसेल, तर "फादर, मला कसं करायचं ते आठवत नाही, मदत करा" एवढे म्हणणे पुरते. धर्मगुरूंना असे लोक नेहमी भेटतात आणि त्यांचा आनंदच होतो.

गुप्तता

कन्फेशनमध्ये ऐकलेले धर्मगुरू पोलिसांना, न्यायालयाला, बिशपांना, तुमच्या जोडीदाराला, कोणालाही सांगू शकत नाहीत. तुमच्या मृत्यूनंतरही नाही. त्या माहितीचा वापर करून ते तुमच्याशी वेगळे वागूही शकत नाहीत, आणि बाहेर भेटल्यावर तुम्ही विषय काढल्याशिवाय तो काढूही शकत नाहीत. जाणूनबुजून थेट गुप्तता मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो, आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार रोमकडे राखीव आहे. चुकून कानावर पडलेल्या तिसऱ्या माणसावरही गुप्ततेचे बंधन असते. कन्फेशनचे ध्वनिमुद्रण करणे हा ख्रिस्तसभेच्या कायद्याने गुन्हा आहे.

हे बंधन तुमच्यावर मात्र नाही. पापाशी संबंध नसलेले, खासगी कुतूहलाचे प्रश्न कोणी विचारले तर उत्तर देऊ नका, उठून या. कन्फेशनच्या आडून कोणी लैंगिक मागणी केली, तर ख्रिस्तसभेच्या कायद्यात तो अतिशय गंभीर गुन्हा आहे. बिशपांकडे तक्रार करा आणि पोलिसांकडेही जा. अशा वेळी गप्प बसण्याचे कोणतेही धार्मिक बंधन नाही.

कन्फेशन कशाने बिघडते

गंभीर पाप जाणूनबुजून लपवले, तर ते कन्फेशन झालेलेच नसते. पुढच्या वेळी लपवलेले पाप, ते लपवल्याची गोष्ट आणि त्या कन्फेशनमधली व तेव्हापासूनची सर्व गंभीर पापे पुन्हा सांगावी लागतात. खरोखर विसरलेले पाप मात्र क्षमेत आलेले असते. आठवले की पुढच्या कन्फेशनमध्ये सांगायचे, तोवर ख्रिस्तशरीर घ्यायला हरकत नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि नाहक वर्षे घालवतात.

सोडण्याची तयारीच नसणे हे दुसरे कारण. सोमवारी पुन्हा तीच लाच घ्यायची आहे हे ठरवून शनिवारी क्षमा मागता येत नाही. पुन्हा पडेन अशी भीती वाटणे वेगळे, ती बहुतेकांना वाटते आणि तिने कन्फेशन बिघडत नाही. आज, या क्षणी नको म्हणण्याची इच्छा हवी, आणि त्यासोबत एखादे ठोस पाऊल: बारमध्ये नेणाऱ्या मित्रांची शुक्रवारची बैठक सोडणे, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे.

काहींचे याच्या उलट होते. क्षमा मिळालेली पापे पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटतात, प्रत्येक विचारात पाप दिसते. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नाती लोयोला स्पेनमधील मानरेसा इथे या यातनेतून गेले होते. अशा माणसाने एकच धर्मगुरू धरावा, त्यांचे ऐकावे, आत्मपरीक्षण पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नये आणि जुनी पापे उकरू नयेत. झोप उडत असेल, दिवसच्या दिवस त्यात जात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही जावे.

भरपाई

फादरांनी दिलेले प्रायश्चित्त, बहुधा काही प्रार्थना किंवा एखादे दयेचे काम, त्याच दिवशी पूर्ण करा. पण "नमो मरिया" ही प्रार्थना म्हटली म्हणून चोरलेले पैसे परत जात नाहीत. दुसऱ्याचे नुकसान केले असेल, तर शक्य तितके भरून देणे हे क्षमेसोबत येणारे कर्तव्य आहे. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले (लूक 19:8). वेदीपाशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे येशूने सांगितले (मत्तय 5:23–24). ही पायरी आपल्याकडे जवळजवळ गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्या प्रामाणिक जगण्याची खरी कसोटी इथेच लागते.

पैशांचे: रक्कम मांडा, नसेल आठवत तर स्वतःच्या बाजूने नव्हे तर फसवलेल्याच्या बाजूने झुकता अंदाज घ्या. स्वतःचे नाव उघड करणे बंधनकारक नाही, पाकिटातून किंवा धर्मगुरूंमार्फत पैसे पोचवता येतात. मालक वारला असेल तर वारसांना द्या. मापात मारलेल्या शेकडो गिऱ्हाइकांना शोधता येत नाही, तिथे त्याच वस्तीतल्या गिऱ्हाइकांना काही काळ माप जास्त द्या किंवा रक्कम गरिबांना द्या. एकरकमी जमत नसेल तर हप्ते बांधा. गरिबीमुळे देणे लांबते, पण ते संपत नाही. लपवलेल्या उत्पन्नासाठी ठरावीक मुदतीत जादा कर भरून प्राप्तिकराचे अद्ययावत विवरणपत्र दाखल करण्याची सोय 2022 पासून आहे.

जमिनीचे: "आमच्यात मुलींना देत नाहीत" हे कारण चालत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. गोव्याच्या कायद्यातही मुलगी बरोबरीची वारस आहे. बहिणीला फसवले असेल, तर वकिलाला विचारून नोंदणीकृत बक्षीसपत्राने किंवा वाटणीपत्राने तिचा वाटा द्या. जमीन विकून झाली असेल, तर पैशांत द्या. साडी आणि जेवण ही याची भरपाई होत नाही.

नावलौकिकाचे: खोटे पसरवले असेल, तर ज्यांना सांगितले त्यांनाच, त्याच ग्रुपवर, "मी सांगितलं ते खोटं होतं" असे लिहा. पसरवलेले खरे होते पण सांगण्याचे कारण नव्हते, तर ते खोटे होते असे म्हणू नका, ते नवे खोटे ठरेल. तिथे त्या माणसाच्या चांगल्या गोष्टी मोकळेपणाने बोला आणि विषय निघाला की थांबवा.

काही ठिकाणी उघड बोलण्याने नुकसान वाढते. व्यभिचाराची कबुली जोडीदाराला द्यायलाच हवी असा ख्रिस्तसभेचा नियम नाही. ते धर्मगुरूंशी बोलून ठरवावे. मात्र जोडीदाराच्या आरोग्याला धोका पोचला असण्याची शक्यता असेल, तर तपासणी आणि खबरदारी टाळता येत नाही. आणि तुमच्या कृत्याची शिक्षा एखादा निर्दोष भोगत असेल, तर त्याला सोडवणे तुमच्यावर येते.

इतर काही

प्रोटेस्टंट मंडळ्यांत साधारणपणे कबुली थेट देवापाशी आणि उपासनेत सर्वांनी मिळून केली जाते. तरीही याकोब 5:16 प्रमाणे विश्वासू बंधुभगिनीजवळ किंवा पाळकांजवळ पाप बोलून दाखवता येते. वरचे आत्मपरीक्षण आणि भरपाई त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते. फक्त पाळकांना आधी विचारून घ्या की ऐकलेले ते गुप्त ठेवतील का आणि कुठपर्यंत.

मुलांचे पहिले कन्फेशन पहिल्या कम्युनियनच्या आधी होते. आईने मुलाला यादी लिहून देऊ नये, आणि बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" असे कधीही विचारू नये. घरात आजारी माणूस असेल, तर तो शुद्धीवर असताना, बोलू शकत असताना फादरांना बोलवा. मरणाच्या दारात कोणताही धर्मगुरू पापमुक्ती देऊ शकतो.

दोन कन्फेशनांच्या मधले दिवस

महिन्याला एक कन्फेशन हे बहुतेकांना झेपणारे प्रमाण आहे. मधल्या काळात रोज रात्री दहा मिनिटे द्या: दिवसाबद्दल देवाचे आभार, उजेडाची विनंती, सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस उलगडणे, चुकलेल्याबद्दल क्षमा, उद्याचा एक निश्चय. संत इग्नातींनी याला जोड म्हणून एका वेळी एकच दोष हाती घ्यायला सांगितले आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी वहीत दोन ओळी आखायच्या. दुपारपर्यंत तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके पहिल्या ओळीवर द्यायचे, रात्रीपर्यंतचे दुसऱ्या ओळीवर. मग आजची तुलना कालशी आणि या आठवड्याची मागच्याशी करायची.

खोटे बोलण्याची सवय असेल, तर महिनाभर फक्त तीच घ्या. "ट्रॅफिकमध्ये अडकलो" हेही मोजा, फोनवर "मी घरी नाही असं सांग" हेही मोजा. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतात, कारण आधी ते लक्षातच येत नव्हते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही कमी झाले नाहीत, तर ते कोणत्या माणसासमोर आणि कोणत्या वेळी पडतात ते पाहा. पुढच्या कन्फेशनमध्ये आकड्यासोबत हेही फादरांना सांगा.